डावी होडी

थळच्या किनाऱ्यावर शर्यतीआधीची मोजणी चालली होती. मृणालच्या कॅटमरानला फीत लागली, तसा तिचा बाप, धर्माजी पुढे सरकला. दोन निमुळत्या होड्या शेजारी जोडलेली ही शिडाची बोट त्यानंच लेकीसाठी बांधली होती, आणि या खेपेला मापात केसाएवढीही कसूर ठेवली नव्हती. पण नियम कडक होता. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या शर्यतीत उतरलेल्या पहिल्या कॅटमरानवरून आराखडा काढलेला, आणि प्रत्येक बोट त्याबरहुकूमच हवी. आज जिंकली तर मृणाल राज्याच्या संघात जाणार होती.

परीक्षकानं उजवी होडी मोजली आणि मान डोलावली. डावी मोजली, थबकला, पुन्हा मोजली.

"डावी दोन इंच जास्त भरते. ही बोट बाद."

"अहो, दोन्ही सारख्याच तर आहेत!" मृणालचा आवाज चिरकला.

"तीच तर चूक आहे. आराखड्यात डावी दोन इंच आखूड आहे. बाकीच्या एकवीस बोटी बघ, सगळ्यांची तशीच. पहिली बोट बांधणारा कोणी पोचलेला कारागीर असणार. वाऱ्याचं काहीतरी गणित असेल त्याचं."

मृणाल रडवेली होऊन बापाकडे वळली. "बाबा, कसलं हो गणित?"

धर्माजीनं मान खाली घातली.



"गणित न्हाय गो बाय. तवा माझ्याकडची फळी दोन इंच कमी पडली व्हती."