डब्यातली थरथर
शितलनं पुण्याहून सुट्टीला येताना पाळलेला टॅरंटुला तांड्यावर आणला होता. तळहाताएवढा तो केसाळ कोळी आता डब्यात वेडेवाकडे झटके देत होता. एक पाय उचलायला जाई तर आठही थरथरत. “बा, यानं काय खाल्लं?” बापानं डबा उचलून डोळ्यांसमोर धरला. “मी सोयाबीन फवारून येताना बांधावरचा नाकतोडा आणून दिला. तू झोपली व्हतीस, हा उपाशी दिसला. काहून?” शितल डब्याजवळ सरकली. “त्या नाकतोड्यावर औषध उडालं असंल, बा. त्यानंच याला झटके येऊन राहिले.” “मला न्हाई समजलं, लेकरा,” बाप पुटपुटला. त्याला दरदरून घाम फुटला होता. हळूहळू कोळ्याचे पाय पोटाशी आखडले आणि तो निपचित पडला. डबा मात्र थरथरतच होता. शितलनं बापाच्या हातांकडे पाहिलं. “बा, फवारताना तोंडाला रुमाल बांधला व्हता ना?”