सव्वादोनचं माप

शेवंताबाई दगडावर बसली ती उठायलाच तयार नव्हती.

अंगणातला तो एकच चपटा दगड. दहाव्याच्या दिवशी विधवेचे हात त्यावर ठेवायचे आणि बांगड्या फोडायच्या, ही गावची रीत. पिंटूला जाऊन आज दहावा दिवस. त्याची बायको सुनिता आत होती, आणि धुळ्याची कासारीण सकाळच्या पहिल्या बसने येऊन दगडच अडवून बसली होती.

“ऊठ ना माय,” पिंटूची आत्या ताईबाई म्हणाली. “बांगड्या भरानं तुनं काम. आठे तुनं काय शे?”

“माझंच काम आहे. माझ्या हातच्या बांगड्या आहेत त्या.”

“हाई रीत शे. बठ्ठ्यास्न्या फुटन्यात. मन्याबी फुटन्यात. हिन्या काय येगळ्या शेतस?”

“तुमच्या फुटल्या म्हणून तिच्याही फोडायच्या? वा. चांगला न्याय आहे.”

राग काही आजचा नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी शेवंताबाईच्या नवऱ्याच्या दहाव्याला अशाच बायांनी तिचे हात धरले होते. काच मनगटात घुसली, त्याचा वण अजून आहे. त्यानंतर तिने अख्ख्या धुळ्याचे हात भरले आणि स्वतःचे भुंडे ठेवले. बांगड्या भरून घ्यायला भुंड्या हातांची कासारीण या मेल्यांना बरोबर चालते.

“सातपुड्यातली धनीबाई येते माझ्याकडे,” ती म्हणाली. “नवरा जाऊन चार वर्षं झाली, तिची चांदीची कडी हातातच आहेत. अडीनडीला मोडायला तीच कामाची, म्हणते. आमच्या गल्लीतल्या मारवाड्याच्या धनकुंवरबाई, त्याही विधवाच, सोन्याच्या पाटल्या घालून देवळात जातात. त्यांना नाही कोणी दगडाशी बसवलं. चांदी वाचते, सोनं वाचतं, आमची काच तेवढी तुमच्या डोळ्यात खुपते.”

ओट्यावर पिंटूची आई, सुगंधाबाई, तोंडाला पदर लावून बसली होती.

दुसऱ्या कुणासाठी शेवंताबाई एवढ्या लांब कदाचित आलीही नसती. पण असा जोडा तिने दुकानात पाहिला नव्हता. बाकीच्या बाया नागपंचमीला येतात, दिवाळीला येतात. सुनिता दर महिन्याला यायची, आणि पिंटू स्वतः तिला मोटरसायकलवर बसवून आणायचा.

“गच्च भरा, मावशी. मनगट मोकळं बरं दिसत नाही,” म्हणायचा, आणि किल्ली फिरवत दारातच थांबायचा. कोणता नवरा एवढं करतो? इथे बायकोचं माप विचारलं तर पुरुष डोकं खाजवतात.

दुकानात ‘बांगडी फुटली’ असं कुणी म्हणायचं नाही, हा शेवंताबाईचा नियम. ‘वाढली’ म्हणायचं. सुनिता तसंच म्हणायची, “परत वाढल्या, मावशी.” शेवंताबाई हसायची. “धसमुसळी आहेस गं बाई.” मग तिचा हात मांडीवर घेऊन हिरव्या बांगड्या चढवायला लागायची. सव्वादोनचं माप तिला बरोबर बसायचं, तरी सुनिताच्या डोळ्यांत पाणी यायचं. नाजूक हात. भरून झालं की ती कासारणीच्या पाया पडायची, आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहायची. गुणाची पोर. शेवंताबाई आशीर्वाद द्यायची, “चुडा अखंड राहो.”

हात बघितला की बाई कळते, असं ती सगळ्यांना सांगायची. या दोघांचं सुख तर तिला शंभरदा सांगून झालं होतं.

आता ताईबाईने जमलेल्या बायांपैकी दोघींना खूण केली. त्यांनी शेवंताबाईच्या दंडाला धरलं.

“हात लावून बघाच,” ती म्हणाली. “विधवेच्या बांगड्या फोडणार नाही, असा तुमच्याच गावाने ठराव केलाय ना? पंचायतीच्या भिंतीवर रंगवलाय, येताना वाचला मी. फोटोला सगळ्या पुढे येता आणि घरात दगड मांडता. लाज नाही वाटत? माझ्या मनगटात काच घुसवली तेव्हा मी गप्प बसले. आज नाही बसणार. तिच्या अंगावर त्याची एवढी एकच आठवण आहे, ती मी फोडू देणार नाही.”

धरलेले हात सैल झाले. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

“ऱ्हाऊ द्या,” सुगंधाबाई पहिल्यांदाच बोलली. तिची मान खालीच होती. “मना पोऱ्याले कितली हौस व्हती. ऱ्हाऊ द्या तिना हातमा.”

आता आईनेच म्हटल्यावर कोण काय बोलणार? ताईबाई पुटपुटत बाजूला झाली. शेवंताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकतीस वर्षांनी का होईना, एका बाईचे हात वाचले होते.

तेवढ्यात सुनिता दारात आली. डाव्या हातात सात बांगड्या, उजव्यात चार. बाकीच्या वाढल्या असाव्यात.

“ये गं,” शेवंताबाई म्हणाली. “मी नव्या आणल्यात. कमी आहेत तेवढ्या भरून देते. कोणी काही करणार नाही तुला.”

सुनिता पायऱ्या उतरून जवळ आली. तिचे डोळे कोरडे होते.

“मावशी, उठा जरा.”

शेवंताबाई उठली. तिला जागा करून दिली आणि पिशवीतून हिरव्या बांगड्या काढायला लागली.

सुनिता दगडाशी बसली. तिने डावा हात उचलला आणि मनगट दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. सातही बांगड्यांचे तुकडे अंगणात उडाले.

उजवा हात वर गेला तसा शेवंताबाईने तो धरला. “अगं, वेडी झालीस का? किती हौसेने आणायचा तो तुला भरायला.”

सुनिताने हात सोडवून घेतला.

“दर वेळी त्यानंच फोडल्या, मावशी,” ती म्हणाली. “या चार तरी मला फोडू द्या.”