दुसरं मनगट

“पाय दक्षिणेला,” मेव्ह गुडघ्यांवर बसूनच म्हणाली. “पूर्वेला नाहीत, म्हणजे हे दफन ख्रिस्ती नाही. त्याच्या आधीचं.”

खड्ड्यात तान्ह्या बाळाची हाडं होती. काही तर आगकाडीहून लहान. आयर्लंडमधल्या पोर्टलीशजवळच्या या शेतातून नवा मोटरवे जाणार होता, आणि त्याआधी मेव्हच्या पुरातत्त्व तुकडीला मातीखालचं सगळं जुनं काढून न्यायचं होतं.

चंद्रहास आणि प्रभा कडेला उभे होते. लग्नानंतरची पहिली वर्षं ही दोघं याच शेताला लागून भाड्याने राहिली होती. आता घर डब्लिनच्या सँट्री भागात, नोकऱ्या सॉफ्टवेअरच्या. तरी उत्खननाची बातमी आल्यापासून दर शनिवारी इथे हजर. लोक सुटीला लोळतात, यांना माती चाळायची हौस! मेव्हला फुकटात मन लावून काम करणारे हात मिळाले होते, तिने कशाला खोदून विचारावं?

तिने कुंचल्याने माती झटकली. इवल्या मनगटाशी काळवंडलेली तार होती, तारेत काळे मणी.

“बघा! ब्रिटनमध्ये रोमन जमीनदार तान्ह्या मुलांना घराशीच पुरायचे. असेच काळे मणी घालून. दृष्ट लागू नये म्हणून.” रोमन सत्ता कधीच न पोचलेल्या आयर्लंडमध्ये असं काही सापडणं म्हणजे मेव्हच्या आयुष्यभराच्या कष्टांचं सोनं होतं.

“आता याचं काय करणार?” प्रभाने विचारलं.

“डबा, त्यावर नंबर, मग डब्लिनचं म्युझियम.”

“परत मातीत नाही ठेवता येणार? बाळ आहे ते.”

मेव्ह मायेने हसली. “कोणी नातेवाईक पुढे आला तर देऊन टाकीन. पण सतराशे वर्षांनी कोण येणार?”

“डब्यात घालतायत रे,” प्रभा नवऱ्याला मराठीत म्हणाली.

“आपण इथे पाहुणे आहोत. गप्प राहा, प्लीज.”

मेव्हने दुसरा हात मोकळा केला. तिथे काहीच नव्हतं.

“या मनगट्या जोडीने घालतात. दुसरी इथेच कुठेतरी पडली असणार.”

“ग्रँड, ठीक आहे, मी चाळतो,” चंद्रहास घाईने म्हणाला आणि चाळणी घेऊन खाली मान घालून बसला.

प्रभा खड्ड्याच्या काठाशी टेकली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने रुमालाची घडी काढली आणि मेव्हपुढे उलगडली. आत दुसरी मनगटी होती, तसेच काळे मणी, तार पुसून पुसून लख्ख ठेवलेली.