निरंजनचा स्वभाव

हेमांगी कादंबरी लिहायला बसली की टेबलावरच्या बोलक्या यंत्राच्या पेटीतून तिचा नायक निरंजन बोलू लागायचा. स्वभावाचा प्रकार ठरवून दिला की पात्र जिवंत व्हायचं. तिने निरंजनला दिलखुलास केला होता, वर ऐकून घेणारा. दोघं तासन् तास खिदळायची आणि आत चहा गाळणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, दिवाकरचा, नुसता जळफळाट व्हायचा.

ती आंघोळीला गेली तशी दिवाकरने पेटी पुढे ओढली.

"निरंजनचा स्वभाव बदल. घुमा, संशयी, मनातल्या मनात जळणारा कर."

"असं पात्र कादंबरीत आधीच आहे," पेटी म्हणाली. "नायिकेचा नवरा."

दिवाकरने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "त्याचं पुढे काय होतं?"

"तेच हेमांगीबाई रोज निरंजनला विचारतात."