वेशीतलं पीठ

अनसिंगकडचं आमचं गाव सात माणसांनी वसवलं. त्यांच्या नावानं दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेशीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि दुपारभर दारं लावून घरात बसायचं. मग पिठात सातांची पावलं उमटतात, गावात येणारी.

१९७४ साली गावाला शंभर वर्षं झाली. दारं उघडून आम्ही वेशीत गेलो. पावलं गावाबाहेर गेली होती.

"आठ जण हायत," माझी मावशी मोजून बोलली. "आन् आठव्याच्या उजव्या पायाले सहा बोटं."

सगळे उकंडराव पाटलांकडे वळले. गावात सहा बोटं त्यांनाच.

"मी त दुपारभर घरातच व्हतो," म्हणत त्यांनी उजवा जोडा काढला.

पाय घोट्यापर्यंत पिठानं माखलेला होता.