उपटलेली वायर

गेल्या वर्षी शाळान्त निकालाच्या दिवशी संकेतस्थळ कोसळलं आणि मलावीतलं अख्खं ब्लांटायर शहर तळमळत बसलं. म्हणून यंदा परीक्षा मंडळातल्या तंत्रज्ञ टियामिकेनं संकेतस्थळाच्या दारातच राखणदार सर्व्हर बसवला. येईल त्याला आतल्या तीन सर्व्हरांपैकी मोकळा असेल त्याच्याकडे धाडायचं. निकाल लागला आणि त्यांतला एक जळका वास सोडू लागला. “हात लावू नकोस, पोरी! पुन्हा सगळं बसेल,” तिचे वरिष्ठ म्वालेसाहेब ओरडले. “राखणदार वळवेल रांग. बसलं तर मला घरी बसवा,” म्हणत तिनं वायर उपटली. संकेतस्थळावर निकाल बघणाऱ्या गर्दीत तिची धाकटी बहीणही होती. इतक्यात टेकडीवरच्या एका अंगणातून बायकांची आनंदाची किलकारी उठली, मग शेजारून, मग उतारभर. फोन वाजला. “ताई, पास झाले!” “अडकलं नाही ना काही?” “छे, कुठं!” नाचताना बायका कमरेला कापड बांधतात तशी टियामिकेनं ती वायर कमरेला बांधली आणि साहेबांपुढेच फेर धरला.