ओब्राद दारात आला

ल्युबिंकानं प्रसादाची थाळी हातात घेऊन दार उघडलं. उंबऱ्यावर ओब्राद उभा होता. एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचा पुडा आणि चेहरा पांढराफटक.

आतल्या पंधरा पाहुण्यांनी काटे खाली ठेवले. सर्बियातल्या आमच्या चाचाक गावचे लोक काही विसरत नाहीत, हा आमचा जुना आजार. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्या उझित्से गावच्या फुटबॉल संघातून खेळताना ह्याच ओब्रादनं मागून पाय घातला होता आणि ल्युबिंकाच्या नवऱ्याच्या, तिहोमिरच्या नडगीचं हाड मोडलं होतं. तिहोमिर तेव्हा सव्वीसचा होता. त्यानंतर तो कधी खेळला नाही.

पण आज संत निकोलाचा दिवस होता, घरच्या संताचा सण, स्लावा. त्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत. ल्युबिंकानं ओठ आवळून थाळी पुढे केली. साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू ओब्रादनं चमचाभर तोंडात टाकला.

"दुसरा पाय मोडायला आलास का रे?" तिहोमिरचा भाऊ स्वेतोझार टेबलावरून ओरडला.

"बसत नाही मी," ओब्राद ल्युबिंकाला म्हणाला. "माफी मागतो नि निघतो, वहिनी. दर वर्षी कोपऱ्यापर्यंत येतो, पुढे धीरच होत नाही."

तेवढ्यात तिहोमिर माशांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून लंगडत आला. ह्या सणाला यजमान बसत नाही, दिवसभर उभ्यानं वाढतो. तो पाय बघून ओब्रादचे डोळे भरले.

"अरे, रडतोस काय वेड्यासारखा!" तिहोमिरनं ताट ठेवलं. "मी काय दिवे लावत होतो मैदानावर? चेंडू आला की डोळे मिटून लाथ हाणायची. तुझ्यामुळे सात महिने म्हाताऱ्या प्रशिक्षकाशेजारी बाकावर बसलो, तेव्हा पहिल्यांदा मला खेळ दिसला. आज मी त्याच बाकावर प्रशिक्षक आहे. संघ वरच्या लीगमध्ये नेलाय. हे सगळे तुझे उपकार, बाबा!"

"मग एकदा तरी सांगायचंस!" ओब्रादला हुंदका आला. "इतकी वर्षं मी धड झोपलो नाही."

"फोन करून काय सांगू? पाय मोडलास, आभारी आहे? तुला वाटलं असतं, टोमणा मारतोय. हे समोर बसवून, ग्लास भरूनच सांगायचं असतं. आणि स्लावाला कुणाला बोलावणं धाडत नाहीत. ज्यानं त्यानं आपणहून यायचं."

ल्युबिंका नवऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे दर वर्षी रात्री सणाचा दिवा विझवताना तू विचारतोस, 'उझित्सेहून कुणी आलं होतं का गं?'" ती हळूच म्हणाली, "ते ह्याच्यासाठी?"